'डोम' : एका प्राचीन इंग्रजी शब्दाचा अर्थ व परिवार

१

प्राचीन इंग्रजीच्या अभ्यासास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याची मुख्य अडचण अपरिचित शब्दांची असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः अपरिचित शब्द फारसा घात करीत नाहीत. त्यांच्यासाठी विद्यार्थी कोश उघडतोच. घात होतो तो ओळखीच्या शब्दांकडून. आजच्या इंग्रजीत ज्यांचे वंशज नांदत आहेत असे शब्द पाहिले की अर्थ आपणांस ठाऊकच आहे असे वाटते, आणि कोश मिटलेलाच राहतो. अशा फसव्या शब्दांत 'डोम' या शब्दाचे स्थान फार वरचे आहे. यातील ओकार दीर्घ उच्चारावयाचा असून आपल्याकडील तशाच दिसणाऱ्या शब्दाशी त्याचा काहीही संबंध नाही. आजच्या इंग्रजीतील 'डूम' हा त्याचाच वंशज होय. 'डूम' म्हणजे सर्वनाश, अटळ व भयंकर शेवट, हे शाळकरी विद्यार्थीही सांगू शकेल. नेमके हेच ज्ञान जुन्या ग्रंथांच्या वाचनात आड येते.

'बेओवुल्फ' या महाकाव्याच्या उत्तरार्धातील एक प्रसंग घ्यावा. वृद्ध राजा बेओवुल्फ अग्निवर्षाव करणाऱ्या सर्पासुराशी झुंजत असताना त्याने निवडून आणलेल्या अकरा सोबत्यांपैकी दहा जण रानात पळून जातात. तरुण विग्लाफ तेवढा राजाच्या साहाय्यास धावतो. राजाच्या मृत्यूनंतर हे दहा जण ओशाळून परत येतात, तेव्हा विग्लाफ त्यांची कठोर शब्दांत निर्भर्त्सना करतो आणि त्यांच्या पलायनाला 'डोमलेआस' असे विशेषण लावतो. 'लेआस' म्हणजे रहित. 'डूम' म्हणजे विनाश हे समीकरण मनात धरून वाचणारा याचा अर्थ 'विनाशरहित' असा करील, आणि निंदेच्या जागी आशीर्वाद कसा आला म्हणून बुचकळ्यात पडेल. विग्लाफचा अभिप्राय अगदी उलट आहे. ज्या कृत्याला डोम नाही ते कृत्य लज्जास्पद, कीर्तिहीन होय. ज्या काळी 'डोम' नसणे ही मोठी नामुष्की होती त्या काळी या शब्दाचा अर्थ काय होता, आणि तोच शब्द पुढे भयाचा वाचक कसा झाला, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम व्युत्पत्ती पाहू. 'डोम' हे पुल्लिंगी नाम जर्मानिक कुलातील सर्व प्रमुख भाषांत आढळते. प्राचीन नॉर्समध्ये 'डोम्र', प्राचीन उच्च जर्मनमध्ये 'टुओम', प्राचीन सॅक्सन व प्राचीन फ्रिजियन भाषांत 'डोम' अशी त्याची रूपे आहेत. या सर्वांच्या मागे ज्या आद्य इंडो-युरोपीय धातूची कल्पना करण्यात येते तो 'ठेवणे, स्थापन करणे' या अर्थाचा असून संस्कृतात तो 'धा' या रूपाने आपल्या परिचयाचा आहे. मूळ भाषेतील 'ध' जर्मानिक भाषांत 'ड' होतो, हा ग्रिमच्या ध्वनिनियमाचा एक भाग आहे. संस्कृत 'मधु' व इंग्रजी 'मीड' हे मद्यवाचक नाम, 'विधवा' व 'विडो', 'रुधिर' व 'रेड', 'बन्ध्' व 'बाइंड' या जोड्यांत तो स्पष्ट दिसतो. 'करणे' या अर्थाचे इंग्रजी 'डू' हे क्रियापद व त्यावरून आलेले 'डीड' हे नाम हीही याच धातूची अपत्ये होत. ग्रीक भाषेत 'थेसिस' म्हणजे मांडलेला सिद्धान्त आणि 'थेमिस' म्हणजे दैवी अधिष्ठान असलेला नियम; हे दोन्ही शब्दही याच घराण्यातले.

तेव्हा 'डोम' म्हणजे मुळात 'जे घालून दिले आहे ते'. मराठीत आपण 'नियम घालून देणे', 'दंडक घालून देणे' असे म्हणतो. त्या क्रियापदातील 'घालणे' ध्यानात घेतले की धात्वर्थापासून 'नियम' या अर्थापर्यंतचे अंतर किती अल्प आहे ते कळून येते. हीच प्रतिमा इतरत्रही वारंवार भेटते. कायद्याला आज इंग्रजीत 'लॉ' म्हणतात. तो शब्द स्कॅन्डिनेव्हियन आक्रमकांबरोबर इंग्लंडात आला व त्याचाही मूलार्थ 'जे मांडून ठेवले ते' असाच आहे. जर्मन भाषेतील 'गेझेट्स' हा कायदावाचक शब्द 'बसविणे' या अर्थाच्या क्रियापदावरून झाला आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. वैदिक 'धामन्' या शब्दाचे 'वसतिस्थान' व 'नियम' असे दोन्ही अर्थ आहेत. मित्रावरुणांच्या धामाचा ऋग्वेदात जो उल्लेख येतो तेथे 'त्यांनी घालून दिलेली व्यवस्था' हा अर्थ जुळतो. त्यामुळे 'धामन्' हा 'डोम'चा नातलग आहे हे खरे. परंतु 'धाम' म्हणजे घर आणि लॅटिन 'डोमुस' म्हणजेही घर, म्हणून या तिघांना एका माळेत ओवण्याचा मोह विद्यार्थ्यांनी टाळावा. 'डोमुस'चा संस्कृत भाऊ 'दम' हा आहे, धाम नव्हे. त्या धातूतील मूळ 'द' जर्मानिक भाषांत 'ट' होतो. त्यामुळे 'डोमुस'चा इंग्रजीतील खरा आप्त शोधावयाचा तर तो इमारती लाकडाचा वाचक 'टिंबर' हा शब्द होय. तसेच 'शाप देणे' या अर्थाचा 'डॅम' व त्यावरून आलेला 'कंडेम' हे शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेले असून त्यांचा 'डूम'शी काडीचाही संबंध नाही. अर्थ जवळ आणि ध्वनी जवळ, एवढ्याने नाते सिद्ध होत नाही.

३

'डोम'चा पहिला व सर्वांत भक्कम आधार कायद्याच्या क्षेत्रात मिळतो. केंटचा राजा एथेलबर्ट याने इ. स. ६०० च्या सुमारास जे नियम केले ते कोणत्याही जर्मानिक भाषेत लिहिले गेलेले सर्वांत जुने कायदे मानले जातात. ते आपल्यापर्यंत पोचले आहेत ते रॉचेस्टर येथे बाराव्या शतकाच्या पहिल्या चरणात सिद्ध झालेल्या एका हस्तलिखिताद्वारे. त्यात या नियमांच्या शीर्षस्थानी 'डोम'चे अनेकवचन 'डोमास' योजलेले आहे. हे 'डोमास' काय सांगतात? अंगठा तोडल्यास वीस शिलिंग द्यावेत, पुढच्या चार दातांपैकी प्रत्येकाबद्दल सहा शिलिंग द्यावेत. यात कोठेही भयानकता नाही. उलट, रक्ताचा बदला रक्ताने घेण्याच्या रूढीला आळा घालून इजेचे मोल ठरवून देणारी ही व्यवस्था आहे. बीडने ७३१ साली पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासात एथेलबर्टने आपल्या ज्ञात्या मंडळींच्या सल्ल्याने व रोमन उदाहरणास अनुसरून, परंतु इंग्रजी भाषेत, हे निर्णय सिद्ध केले असे नमूद केले आहे.

येथे 'नियम' व 'निर्णय' हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत आहेत हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. आज आपण विधिमंडळाने केलेला कायदा व न्यायालयाने दिलेला निकाल यांत काटेकोर भेद करतो. त्या काळच्या समाजात हा भेद इतका तीव्र नव्हता. एखाद्या तंट्यात राजाने वा सभेने दिलेला निवाडा हाच पुढील तशा तंट्यांसाठी नियम ठरे. डोम म्हणजे दिलेला निवाडा, आणि डोम म्हणजे त्यातून घालून दिलेला दंडक.

वेसेक्सचा राजा आल्फ्रेड (राज्यकाल ८७१ ते ८९९) याच्या संहितेला 'डोमबोक', म्हणजे डोमांचे पुस्तक, असे म्हणतात. बायबलमधील दहा आज्ञांपासून या ग्रंथाची प्रस्तावना सुरू होते. पुढे आल्फ्रेडचे स्वतःचे नियम आणि शेवटी त्याचा पूर्ववर्ती राजा इने याचे नियम अशी एकूण १२० प्रकरणांत त्याची रचना आहे. आपण नवे फारसे काही घातलेले नाही; इने, मर्सियाचा ऑफा व एथेलबर्ट यांच्या नियमांतील जे न्याय्य वाटले ते एकत्र केले, असे आल्फ्रेड सांगतो. त्याच्या प्रस्तावनेतील एक स्थळ तर आपल्या विषयाच्या दृष्टीने अमोल आहे. जे दुसऱ्याने आपल्याशी करू नये असे वाटते ते आपण दुसऱ्याशी करू नये, हे वचन सांगून आल्फ्रेड म्हणतो की, हा एक डोम मनाशी धरला तर मनुष्य प्रत्येकाचा न्याय योग्य रीतीने करू शकेल. त्याला दुसऱ्या कोणत्याही डोमबोकची गरज पडणार नाही. एका राजाने स्वतःच कायद्याचा ग्रंथ रचीत असता त्याची अनावश्यकता कबूल करावी, ही गोष्ट हृद्य आहे. येथे 'डोम' या शब्दाला नीतितत्त्वाची उंची प्राप्त झालेली दिसते.

आल्फ्रेडचा चरित्रकार आसर याने ८९३ मध्ये लिहिलेल्या लॅटिन चरित्रात असे सांगितले आहे की, राजा आपल्या न्यायाधीशांचे निकाल तपासून पाही. अज्ञानामुळे चुकीचा निकाल दिलेला आढळला तर एकतर वाचावयास शिका, नाहीतर अधिकार सोडा, असा निर्वाणीचा हुकूम देई. ज्यांना वार्धक्यामुळे शिकणे अशक्य झाले त्यांनी मुलाकडून किंवा आप्ताकडून ग्रंथ वाचवून घ्यावेत अशी तोड काढण्यात आली. डोम देणे हे अधिकाराइतकेच विद्येचे काम आहे, ही जाणीव यामागे आहे.

४

आता काव्याकडे वळू. तेथे 'डोम'चा अर्थ आणखी एक पाऊल पुढे जातो. निवाडा राजसभेत होतो, तसा तो लोकमानसातही होतो. मनुष्य गेल्यावर मागे राहिलेले लोक त्याच्या आयुष्याविषयी जो निवाडा देतात त्यालाही 'डोम' म्हणत. आणि तो निवाडा अनुकूल असेल तर 'डोम' म्हणजे कीर्ती. बेओवुल्फ राजा ह्रोथगारचे सांत्वन करताना सांगतो की प्रत्येकाला ऐहिक जीवनाच्या अंताची वाट पाहावी लागतेच, म्हणून ज्याला शक्य असेल त्याने मृत्यूपूर्वी डोम संपादन करावा. येथे 'डोम'चा अर्थ 'विनाश' असा केला तर सारे वाक्यच हास्यास्पद होईल. स्कॅन्डिनेव्हियाच्या 'हावामाल' या सुभाषितसंग्रहातही गुरे मरतात, आप्त मरतात, परंतु मेलेल्या माणसाविषयीचा 'डोम्र' मरत नाही, असा विचार आला आहे. कीर्तिरूपाने मागे उरण्याची ही कल्पना मराठी वाचकास परकी वाटू नये.

'द वॉन्डरर' या लघुकाव्यात 'डोमयेओर्न' असे विशेषण आढळते. 'येओर्न' म्हणजे उत्सुक. कीर्तीची चाड असणारे पुरुष आपले दुःख उरातच कोंडून ठेवतात, असा तेथील संदर्भ आहे. आजच्या अर्थाने पाहिले तर 'डूम'साठी उत्सुक असणारा मनुष्य वेडाच म्हणावा लागेल. त्या काळच्या दृष्टीने तो मानी पुरुष होय.

याच शब्दाचा तिसरा एक अर्थ 'स्वतःची इच्छा, स्वतःचा निर्णय' असा आहे. 'बेओवुल्फ'मध्ये सिगेमुंड नावाचा वीर सर्पाला ठार करून त्याचा निधी 'स्वतःच्या डोमाने' भोगतो, म्हणजे कोणाच्याही आज्ञेवाचून, आपल्या मर्जीप्रमाणे. निवाडा करण्याचा अधिकार ज्याच्या हाती तो स्वतंत्र, हा या अर्थामागील विचार. आइसलंडच्या गाथांत वादातील एका पक्षालाच आपल्या तंट्याचा निवाडा करण्याचा हक्क देण्यात येई. त्याचे नावही 'आपला स्वतःचा डोम' याच अर्थाचे आहे.

कीर्ती व निवाडा यांतील सीमारेषा सर्वत्र स्पष्ट असतेच असे मात्र नाही. बेओवुल्फच्या मृत्यूच्या क्षणी त्याचा आत्मा 'सत्यनिष्ठांचा डोम' शोधण्यास निघाला, असे कवी म्हणतो. हा डोम म्हणजे सत्यनिष्ठ पुरुषांना लाभणारे यश, की ईश्वराने त्यांचा केलेला न्याय? पहिला अर्थ घेतल्यास नायक जुन्या वीरधर्माच्या परंपरेत राहतो. दुसरा घेतल्यास कवी त्याला ख्रिस्ती मोक्षाच्या उंबरठ्यावर आणून ठेवतो. नायकाच्या पारलौकिक गतीविषयी कवीचे मत काय होते, हा या महाकाव्याच्या समीक्षेतील मोठा प्रश्न या एका शब्दाच्या अर्थावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे. शब्दार्थाची चर्चा ही केवळ कोशकारांची करमणूक नव्हे, हे यावरून दिसून येईल.

'डोम'चे वेगळेपण ध्यानी येण्यासाठी त्याची तुलना 'व्युर्ड' या शब्दाशी करावी. प्राचीन इंग्रजीत दैवाचा वाचक शब्द 'व्युर्ड' हा होता. त्याचा धातू 'वळणे' या अर्थाचा, आपल्या 'वृत्'चा भाऊ. जे घडून येते, वर्तते, ते व्युर्ड. व्युर्ड माणसावर येऊन कोसळते, तर डोम माणसाने मिळवावयाचा असतो. वीरकाव्याची सारी नीती या दोन शब्दांच्या ताणात सामावली आहे: व्युर्ड टळत नाही, पण डोम मिळविता येतो. पुढील काळात हा भेद पुसला गेला. आल्फ्रेडच्या नावाशी निगडित असलेल्या बोइथियसच्या इंग्रजी रूपांतरात व्युर्ड हे ईश्वरी योजनेच्या अधीन असलेले कार्य ठरविले आहे. म्हणजे जे नुसते घडत होते ते कोणीतरी ठरवून दिलेले झाले. 'व्युर्ड'चा वंशज 'विअर्ड' शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधील तीन भविष्यवादिनींच्या विशेषणात अखेरचा तेजाने झळकला आणि पुढे 'विचित्र' एवढ्याच अर्थाने उरला. दैवाची मोकळी झालेली जागा हळूहळू 'डूम'ने घेतली.

५

आता 'डोम'च्या परिवाराची ओळख करून घेऊ. नामापासून क्रियापद बनविताना जर्मानिक भाषांत जो 'इ'सदृश प्रत्यय लागे त्याच्या प्रभावाने मागील 'ओ'चा प्राचीन इंग्रजीत 'ए' होई. त्यामुळे 'डोम'वरून 'डेमन', म्हणजे निवाडा करणे, हे क्रियापद झाले. आजच्या इंग्रजीतील 'फूड' व 'फीड', 'ब्लड' व 'ब्लीड' यांत जे नाते आहे तेच 'डूम' व 'डीम' यांत आहे. निवाडा करणारा तो 'डेमा', न्यायासन ते 'डोमसेटल', न्यायसभेचे घर ते 'डोमएर्न'.

'डीम' या क्रियापदाचा इतिहास त्याच्या भावापेक्षा सौम्य आहे. निवाडा करणे, मत बनविणे, मानणे असा त्याचा अर्थ उतरत आला. आणि गंमत अशी की सामान्य बोलण्यातून मागे पडलेला हा शब्द कायद्याच्या भाषेत मात्र ठाण मांडून बसला. जी गोष्ट वस्तुतः तशी नाही ती कायद्यापुरती तशी समजावी असे सांगावयाचे असते तेव्हा इंग्रजी कायद्यात हाच शब्द योजतात व मराठी कायद्यात 'असे मानण्यात येईल' असे म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमातील तिसऱ्या कलमानुसार जी संस्था विद्यापीठ नसूनही विद्यापीठ मानली जाते तिला इंग्रजीत 'डीम्ड युनिव्हर्सिटी' व मराठीत 'अभिमत विद्यापीठ' म्हणतात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेस १९६४ मध्ये हा दर्जा मिळाला. एथेलबर्टच्या डोमाची बहीण आपल्या विद्यापीठाच्या पाटीवर नांदत आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

मध्यकालीन इंग्रजीत न्यायनिर्णय देणाऱ्यास 'डेमस्टर' म्हणत. 'डेंपस्टर' या आडनावात तो शब्द शिल्लक आहे. आणि इंग्लंड व आयर्लंड यांच्यामधील मॅन बेटावर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना आजही 'डीमस्टर' हीच पदवी आहे.

या परिवारातील सर्वांत यशस्वी सदस्य मात्र प्रत्ययाच्या रूपात आहे. 'डोम' समासाच्या उत्तरपदी येऊन प्रथम 'अधिकार, सत्ता, स्थिती' असा अर्थ देऊ लागला आणि कालान्तराने त्याचा स्वतंत्र अर्थ लोपून तो केवळ भाववाचक प्रत्यय झाला. 'क्युनेडोम' म्हणजे राजसत्ता, 'वीसडोम' म्हणजे शहाणपण, 'फ्रेओडोम' म्हणजे स्वातंत्र्य, 'थेओवडोम' म्हणजे दास्य, 'हालिगडोम' म्हणजे पावित्र्य व पवित्र अवशेष. आजचे 'किंगडम', 'विज्डम', 'फ्रीडम' या मालिकेतले. प्रत्यय झाल्यावर स्वरावरील आघात गेला, दीर्घ ओकार क्षीण झाला आणि 'डोम'चा 'डम' झाला. जर्मन भाषेत हाच प्रत्यय 'टुम' या रूपाने 'क्रिस्टेनटुम' (ख्रिस्ती धर्म) व 'आयगेनटुम' (मालमत्ता) यांसारख्या शब्दांत आढळतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत कंटाळ्याचा वाचक 'बोरडम' याच प्रत्ययाने घडविला गेला. स्वतंत्र शब्द भयाचा वाचक झाला असता त्याचाच प्रत्यय स्वातंत्र्य व शहाणपण यांच्या नावांत सुखाने नांदत आहे. 'फ्रीडम' उच्चारताना कोणालाही 'डूम'ची आठवण होत नाही.

६

तर मग मूळ शब्दाला ही अवकळा का आली? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे उत्तर ध्वनिशास्त्रात वा तर्कशास्त्रात नसून इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मन सत्ता स्थापन झाली आणि कालक्रमाने न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली. 'जज', 'जजमेंट', 'जस्टिस', 'कोर्ट', 'ज्यूरी', 'व्हर्डिक्ट', 'सेन्टेन्स' हे सारे शब्द त्या वाटेने इंग्रजीत आले. १३६२ च्या कायद्याने न्यायालयातील वादविवाद इंग्रजीत चालवावेत असे ठरले. परंतु तोवर परिभाषा फ्रेंच होऊन बसली होती. महाराष्ट्रात फिर्याद, वकील, कायदा हे शब्द फारसीच्या दरबारी वर्चस्वाच्या काळी ज्या रीतीने रुळले, तसाच हा प्रकार. नियमाच्या अर्थाने 'लॉ' हा स्कॅन्डिनेव्हियन शब्द आधीच स्थिरावला होता. कीर्तीच्या अर्थाने 'फेम', 'ग्लोरी', 'ऑनर' हे फ्रेंच शब्द आले. अशा रीतीने 'डोम'ची एकेक जहागीर खालसा होत गेली.

एक जहागीर तेवढी राहिली. ती धर्माची. जगाच्या अंती ईश्वर सर्व मृतांना उठवून त्यांचा न्याय करील या ख्रिस्ती श्रद्धेतील त्या दिवसाला प्राचीन इंग्रजीत 'डोमेस डॅय', म्हणजे निवाड्याचा दिवस, असे म्हणत. हे नाव मुळात तटस्थ आहे. त्या दिवशी सज्जनांना स्वर्गही मिळावयाचा आहे. परंतु लोकांच्या मनावर ठसला तो नरकाचा भाग. राजा विल्यम याने १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे जमीनमहसुलाच्या पाहणीचा निश्चय केला व १०८६ मध्ये ती पार पडली. तेरा हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद करणाऱ्या या लॅटिन दप्तराला लोकांनी दिलेले नाव 'डूम्सडे बुक'. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजाचा कोषाध्यक्ष रिचर्ड फिट्झनील याने त्याचे कारण सांगितले आहे: शेवटच्या दिवसाच्या निवाड्यावर जसे अपील नाही, तसेच या पुस्तकातील नोंदीवरही नाही. 'डोमुस देई', म्हणजे देवाचे घर, अशी या नावाची पुढे काहींनी लावलेली व्युत्पत्ती निराधार आहे. फिट्झनीलच्या स्पष्टीकरणात 'डोम'च्या अर्थाला मिळालेले वळण स्पष्ट दिसते. एथेलबर्टचा डोम भरपाईने फिटत असे. हा डोम अंतिम आहे.

मध्ययुगीन इंग्लंडातील अनेक चर्चांच्या कमानीवर अंतिम न्यायाचे भव्य चित्र रंगविलेले असे. त्या चित्रालाच 'डूम' म्हणत. मध्यभागी न्यायासनावर ख्रिस्त, खाली थडग्यांतून उठणारे मृत, एका बाजूस स्वर्गाचे द्वार व दुसऱ्या बाजूस नरकाचा उघडा जबडा. निरक्षर भाविकांनी 'डूम' हा शब्द कानांनी ऐकला तितकाच डोळ्यांनी पाहिला. धर्मसुधारणेच्या काळात सोळाव्या शतकात अशी बहुतेक चित्रे चुन्याखाली गेली. सफक परगण्यातील वेनहॅस्टन येथील पंधराव्या शतकाच्या अखेरीचे लाकडी फळ्यांवरील चित्र १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी निरुपयोगी समजून चर्चच्या आवारात टाकण्यात आले. रात्रीच्या पावसाने चुना धुऊन निघाला आणि खालचे रंग पुन्हा प्रकट झाले.

शब्दाचा जुना अर्थ एकाएकी गेला नाही. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात वायक्लिफच्या अनुयायांनी केलेल्या बायबलच्या भाषान्तरात न्यायनिर्णयासाठी 'डोम' हाच शब्द विपुल योजला आहे. १६११ च्या अधिकृत भाषान्तरात त्याच्या जागी 'जजमेंट' आला. 'रोमिओ आणि ज्युलिएट'मध्ये राजाने कोणता डूम दिला असे रोमिओ विचारतो तेव्हा त्याचा अर्थ 'शिक्षेचा हुकूम' एवढाच आहे. तो हुकूम हद्दपारीचा निघतो, मृत्यूचा नव्हे. यानंतर मात्र हुकूम मागे पडला, भय राहिले. विसाव्या शतकात जे. आर. आर. टॉल्किन या प्राचीन इंग्रजीच्या प्राध्यापकाने आपल्या कथांत 'डूम' हा शब्द पुनःपुन्हा निवाडा व नियती या दोन्ही अर्थांनी जाणीवपूर्वक योजला. त्याच्या पुराणकल्पनेत देवता जेथे न्यायासाठी बसतात त्या वर्तुळाकार स्थानाला 'रिंग ऑफ डूम' असे नाव आहे. सामान्य वाचक तेथे विनाशाचा ध्वनी ऐकतो; जाणता वाचक न्यायसभा पाहतो.

७

शेवटी, मराठी अभ्यासकाला या शब्दाकडे पाहण्याचे जे एक खास सोयीचे स्थान उपलब्ध आहे त्याचा निर्देश केला पाहिजे. 'वि' या उपसर्गपूर्वक 'धा' धातूपासून 'विधि' हा शब्द सिद्ध होतो. मीमांसेत विधि म्हणजे वेदाची आज्ञा. धर्मशास्त्रात विधि म्हणजे कर्तव्याचा नियम. अमरकोशात दैव, भाग्य, नियती यांच्या पर्यायांत विधि आहे, आणि ब्रह्मदेवाच्या नावांतही विधि आहे. मराठीत आपण विधी महाविद्यालयात कायदा शिकतो, लग्नाचे विधी करतो आणि संकटाच्या वेळी विधिलिखित टळत नाही असे म्हणतो. नियम व नियती हे दोन्ही अर्थ एका शब्दात आपण सहज वागवितो. नेमके हेच दोन अर्थ 'डोम'च्या इतिहासात एकामागून एक आलेले आहेत, आणि दोन्ही शब्दांचा धातू एकच आहे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की 'डोम' व 'विधि' यांचा अर्थविकास एकाच मूळ कल्पनेतून वारशाने आला. तसे म्हणणे सयुक्तिक होणार नाही. धातू समान असला तरी प्रत्यय भिन्न आहेत, उपसर्ग भिन्न आहे आणि दोन्ही शब्द आपापल्या देशी स्वतंत्रपणे घडले. वारसा आहे तो 'घालून देणे' या धात्वर्थाचा. पुढील वाटचाल समांतर आहे. जे नियम घालून देतो तोच आयुष्यही आखून देतो, अशी कल्पना मानवी मनाला दोन्ही ठिकाणी सुचली, एवढेच म्हणता येईल. 'संविधान', 'विधेयक', 'विधानसभा' हे शब्दही 'धा'चेच. आणि 'संहिता' ही 'सम्' उपसर्गासह त्याच धातूच्या भूतकालवाचक धातुसाधितावरून झाली आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे नाव व आल्फ्रेडच्या डोमबोकचे नाव एकाच धातूचे ऋण वागवीत आहेत.

मग एकाच धातूच्या या दोन शब्दांपैकी एक सर्वनाशाचा वाचक का झाला व दुसरा का झाला नाही? 'डोम'च्या हातून न्यायसभा गेली व केवळ अंतिम न्यायाचा दिवस उरला. 'विधि' मात्र फारसी अंमलातही यज्ञमंडपात व पाठशाळेत टिकून राहिला, आणि आधुनिक काळात परिभाषा घडविणाऱ्यांनी त्याला पुन्हा कायद्याच्या आसनावर बसविले. शब्दाचे भवितव्य त्याच्या धातूत लिहिलेले नसते. तो कोणाच्या तोंडी आणि कोणत्या सभेत राहतो यावर ते ठरते.

प्राचीन इंग्रजी ग्रंथांचे वाचन वा मराठी रूपान्तर करणाऱ्यांसाठी यातून एक व्यवहार्य सूचना निघते. 'डोम'साठी सर्वत्र चालणारा एकच प्रतिशब्द मिळणार नाही. कायद्याच्या संदर्भात 'निवाडा' हा शब्द सर्वांत जवळचा. 'निवडणे' या क्रियेशी जोडलेला असल्याने त्यात विवेकाचा अंश आहे, व मराठ्यांच्या काळातील निवाडपत्रांमुळे त्याला सभेचा वासही आहे. वीरकाव्यात 'कीर्ती' किंवा 'यश' योजावे. पण ती कीर्ती लोकांच्या निवाड्यातून मिळालेली आहे हे सूचित करता आले तर उत्तम. 'स्वतःच्या डोमाने' येथे 'आपल्या मर्जीने' एवढे पुरे. 'सत्यनिष्ठांचा डोम' यासारख्या स्थळी दोन्ही अर्थ टीपेत द्यावेत व निवड वाचकावर सोपवावी. 'विनाश' हा प्रतिशब्द मात्र नॉर्मनपूर्व काळातील कोणत्याही ग्रंथासाठी कोशातून काढून ठेवावा. विग्लाफने आपल्या सोबत्यांना डोमहीन म्हटले तेव्हा त्याच्या दृष्टीने ते सुटलेले नव्हते, तर बुडालेले होते.